दिवा, शंकू आणि बाहुली

‘सावली चालते’ असे आपण सहज म्हणतो. माणूस चालू लागला की सावली चालते, तो थांबला की तीही थांबते. या साध्या बोलण्यात एक फार जुना वाद दडलेला आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने (हा कामसूत्रकार वात्स्यायन नव्हे) सदोष युक्तिवाद कसा ओळखावा हे शिकवताना सावलीचेच उदाहरण घेतले. सावली ही खरीखुरी वस्तू आहे, कारण ती हलते, असे कोणी म्हटले तर त्यात चूक काय? वात्स्यायनाचे म्हणणे असे, की इथे जे कारण दिले आहे तेच अजून सिद्ध व्हायचे आहे. सावली माणसासारखी खरोखर चालते का? की प्रकाश अडवणारा माणूस पुढे सरकतो आणि त्याच्या मागोमाग, एका जागेनंतर दुसऱ्या जागी, प्रकाशाचा अभाव आपल्याला दिसत जातो? नैयायिक या दोषाला ‘साध्यसम’ म्हणतात. जे सिद्ध करायचे त्याच्याइतकेच ज्याला स्वतःला पुराव्याची गरज आहे, असे कारण.

मी संस्कृतचा पंडित नाही आणि भौतिकशास्त्राचा पदवीधरही नाही. नोकरी सांभाळून, भाषांतरांच्या आधाराने, मिळेल ते वाचत गेलो. मात्र वात्स्यायनाचा हा दाखला वाचला तेव्हा मला तो तर्कशास्त्राच्या वर्गातला वाटला नाही, प्राथमिक शाळेतला वाटला. कारण गेली काही वर्षे मी आमच्या भागातल्या शाळांतून पडदा, दिवा आणि पुठ्ठ्याच्या बाहुल्या घेऊन जातो आहे, आणि सावली हलते म्हणजे ती ‘काहीतरी’ आहे हे म्हणणे मी तिसरी-चौथीच्या मुलांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. ती मुले पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात. अपारदर्शक वस्तूने प्रकाश अडवला की सावली पडते, हे त्यांना पाठ असते. पण लगेच ‘दिवा विझवल्यावर सावली कुठे जाते?’ असे विचारले, तर ती अंधारात मिसळते, भिंतीत जाते किंवा बाहुलीत परत जाते, अशी उत्तरे येतात. व्याख्या एकीकडे राहते आणि समजूत दुसरीकडे.

या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे, की सावली समजावून सांगण्याची दोन साधने आपल्याकडे शतकानुशतके होती. एक गणिताच्या पोथीत होते, दुसरे बाहुल्यांच्या पडद्यामागे. दोन्हींच्या मध्यभागी एकच वस्तू होती, दिवा. तरीही ती दोन साधने एकमेकांशेजारी बसली नाहीत. ती का बसली नाहीत, आणि आज शाळेच्या एखाद्या खोलीत ती कशी बसवता येतील, हा माझा विषय आहे.

मुलांची बाजू घेणारे पंडित

सावली म्हणजे वस्तू, ही समजूत बालिश म्हणून हसण्यावारी नेण्याआधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. भारतीय दर्शनांत या बाजूने उभे राहिलेले पंडित थोडेथोडके नव्हते. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत अंधाराला अभाव म्हटले आहे. तेजाचे नसणे म्हणजे तम. पण कुमारिल भट्टाच्या परंपरेतल्या मीमांसकांना हे मान्य नव्हते. अंधार काळा दिसतो, म्हणजे त्याला रंग आहे. सावली सरकते, म्हणजे तिला गती आहे. ज्याला रंग आणि गती आहे ते द्रव्य नाही असे कसे म्हणायचे? डोळ्यांना जे दिसते त्याच्याशी हे मत प्रामाणिक आहे. ते खोडून काढायला नैयायिकांना आणि वैशेषिकांना पिढ्यान्‌पिढ्या लिहावे लागले.

विसाव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांना हेच प्रश्न विचारले. मूल भौतिक कार्यकारणभाव कसा समजून घेते, यावरचा त्याचा ग्रंथ १९२७ साली फ्रेंचमध्ये आला. त्यात सावलीवर स्वतंत्र प्रकरण आहे. पाचेक वर्षांच्या मुलांना वाटे, की हाताची सावली थोडी हातातून येते आणि थोडी बाहेरून, झाडाखालून, रात्रीतून, खोलीच्या कोपऱ्यातून. थोडी मोठी मुले म्हणत, ती फक्त वस्तूतूनच निघते. त्याहून मोठ्यांना सावली कोणत्या बाजूला पडेल हे अचूक सांगता येई, पण का, तर सावली उजेडाला घाबरून पलीकडे पळते म्हणून! नऊ वर्षांच्या आसपास मुले म्हणू लागत, की सावली म्हणजे उजेड न पोचलेली जागा.

यातली तिसरी पायरी शिक्षकाने विशेष लक्षात ठेवावी. त्या पायरीवरचे मूल सगळी उत्तरे बरोबर देते आणि तरी सावलीला वस्तूच मानत असते. परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील. म्हणून ‘सावली कुठे पडेल?’ हा प्रश्न पुरेसा नाही. वात्स्यायनाचा प्रश्न विचारावा लागतो. हलते ते नेमके काय?

गणितातला दिवा

आता पोथीतल्या दिव्याकडे वळू. आर्यभटाचा ग्रंथ इ.स. ४९९च्या सुमाराचा. त्याच्या गणितपादात दिव्याच्या उजेडात पडणाऱ्या सावलीचा नियम एका श्लोकात आला आहे. जमिनीवर एक उभी खुंटी, म्हणजे शंकू. काही अंतरावर उंचावर दिवा. शंकू आणि दिव्याचा पायथा यांतल्या अंतराला शंकूच्या उंचीने गुणायचे, आणि दिव्याच्या उंचीतून शंकूची उंची वजा करून जे उरेल त्याने भागायचे. उत्तर येते ती सावलीची लांबी.

साडेसहा शतकांनंतर, ११५० साली, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त हाच नियम ‘छायाव्यवहार’ या प्रकरणात पुन्हा भेटतो, आणि सोबत एक उदाहरणही. शंकू बारा अंगुळांचा, म्हणजे अर्धा हात. दिवा साडेतीन हात उंच. दोघांमधले अंतर तीन हात. सावली किती? तीनला अर्ध्याने गुणले की दीड. साडेतीनातून अर्धा गेला की तीन. दीडला तीनने भागले की अर्धा हात, म्हणजे बारा अंगुळे. शंकू जेवढा, तेवढीच सावली. आकडे किती विचारपूर्वक निवडले आहेत पाहा! सावली नेमकी शंकूएवढी आल्यामुळे आकृती मनात लगेच उभी राहते. दिव्याच्या ज्योतीपासून शंकूच्या टोकावरून जमिनीपर्यंत एक तिरकी रेघ ओढली की एक लहान आणि एक मोठा असे दोन समरूप त्रिकोण दिसतात. सगळा नियम त्या रेघेत आहे.

आर्यभट इथे थांबला नाही. त्याच्या गोलपादात पृथ्वीच्या सावलीची लांबी काढण्याची रीत आहे. सूर्याच्या अंतराला पृथ्वीच्या व्यासाने गुणायचे आणि सूर्य व पृथ्वी यांच्या व्यासांच्या फरकाने भागायचे. ही दिव्याचीच रीत आहे. दिव्याच्या जागी सूर्य, शंकूच्या जागी पृथ्वी. चंद्रग्रहणात चंद्राला पृथ्वीची सावली झाकते, असे आर्यभटाने स्पष्ट म्हटले आहे. आजचे आकडे त्याच सूत्रात घातले, म्हणजे सूर्याचे अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर, व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार आणि पृथ्वीचा व्यास १२,७४२, तर सावली सुमारे १३ लाख ८० हजार किलोमीटर लांब येते. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजारांवर. म्हणजे तो त्या निमुळत्या सावलीच्या टोकाच्या बराच अलीकडे आहे, आणि तिथे सावलीची रुंदी चंद्राच्या अडीचपटीहून अधिक आहे. खग्रास चंद्रग्रहण तास-दीड तास टिकू शकते ते यामुळे.

ही विद्या महाराष्ट्राच्या भूमीत शिकवली जात होती याचा दगडी पुरावा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेला मठ आणि त्याला मिळालेली दाने यांची नोंद त्यात आहे. म्हणजे ‘लीलावती’तल्या दिव्याचे गणित आपल्या खानदेशात मठाच्या आश्रयाने शिकवले जात होते. त्या दिव्याशेजारी शंकू होता. बाहुली नव्हती.

पडद्यामागचा दिवा

बाहुली होती ती दुसरीकडे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या कला पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे कलादालन केले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेक मराठी वाचकांना पिंगुळीचे नाव प्रथमच कळले. पांढरा पडदा, त्यामागे तेलाचा दिवा, दिवा आणि पडदा यांच्या मध्ये बाहुली धरणारा हात, आणि रामायणातले आख्यान. एवढ्या सामग्रीवर हा खेळ उभा राहतो.

पिंगुळीच्या पलीकडे पाहिले की या कलेचा मोठा पसारा दिसतो. आंध्रात तोलु बोम्मलाटा, कर्नाटकात तोगलु गोंबेयाट्टा, केरळात तोलपावकूत्तु, ओडिशात रावणछाया. मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी गोष्ट म्हणजे आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूत हा खेळ करणाऱ्या अनेक घराण्यांची घरची बोली मराठीच्या जातीची आहे. खेळ तेलुगू, कन्नड किंवा तमिळमध्ये चालतो आणि घरात बोलतात ते मराठीच्या एका जुन्या बोलीत.

या परंपरांकडे कलेच्या नजरेने पुष्कळांनी पाहिले आहे. मी मुलांना प्रकाश शिकवण्याच्या गरजेपोटी पाहिले, म्हणून माझे लक्ष वेगळ्या गोष्टींवर गेले. आंध्रातल्या बाहुल्यांचे कातडे इतके घासलेले असते की ते अर्धपारदर्शक होते. त्यावर लावलेला रंग पडद्यावर रंग म्हणूनच उमटतो. त्या बाहुलीची ‘सावली’ तांबडी, हिरवी, पिवळी असते, कारण सगळा प्रकाश अडलेला नसतो, काही गाळून पुढे गेलेला असतो. उलट रावणछायेतल्या आणि केरळातल्या बाहुल्या अपारदर्शक. तिथे काळी आकृती आणि तिच्यात नक्षीच्या छिद्रांतून येणारे उजेडाचे ठिपके. पारदर्शक, अर्धपारदर्शक, अपारदर्शक हे पुस्तकातले तीन शब्द या दोन प्रकारच्या बाहुल्या शेजारी ठेवल्या की कोणीही न सांगता समजतात.

केरळचा खेळ तर प्रकाशशास्त्राचा धडाच आहे. भद्रकालीच्या देवळासमोर खास बांधलेल्या कूत्तुमाडम या लांबलचक रंगमंचावर तो होतो. कंबरामायणाचे आख्यान रात्रीमागून रात्री चालते. राम-रावण युद्ध झाले तेव्हा देवी दारिकासुराशी लढत होती, ते युद्ध तिला पाहता आले नाही, म्हणून हा खेळ तिच्यासाठी, अशी श्रद्धा आहे. समोर माणूस नसला तरी खेळ थांबत नाही. पडद्यामागे नारळाच्या करवंट्यांत एकवीस दिवे एका ओळीत लावलेले असतात. एका दिव्यासमोर बाहुली धरली तर एक सावली. एकवीस दिव्यांसमोर ती पडद्यापासून दूर धरली तर एकमेकींवर चढलेल्या एकवीस फिकट सावल्या, म्हणजे कसलीच धड आकृती नाही. मग उपाय काय? बाहुली पडद्याला टेकवायची. तिथे एकवीसही सावल्या एकाच जागी पडतात आणि आकृती ठसठशीत उमटते. केरळचे कलावंत बाहुली पडद्याला लावून खेळवतात, आणि स्थिर पात्रे काट्यांनी पडद्यालाच टोचून ठेवतात.

अकराव्या शतकात कैरोत इब्न अल-हैथमने एका छिद्रासमोर अनेक दिवे ओळीने ठेवून पाहिले, की पलीकडे प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडतो आणि एक दिवा झाकला तर फक्त त्याचाच ठिपका नाहीसा होतो. प्रत्येक दिव्याचा प्रकाश आपापल्या सरळ वाटेने जातो, दुसऱ्याच्या प्रकाशात मिसळून बिघडत नाही. त्याने हे लिहून ठेवले. केरळच्या बाहुलीकाराच्या हाताला तेच ठाऊक आहे, पण ते ग्रंथात नाही, बोटांत आहे.

दिव्याखाली अंधार

इथे एक मोह टाळायला हवा. बाहुलीवाले हे ‘आपले प्राचीन शास्त्रज्ञ’ होते असे म्हणण्याची आज फॅशन आहे. मला ते पटत नाही. सावली मोठी करायची तर बाहुली दिव्याकडे न्यायची, हे हाताला कळणे आणि किती अंतरावर नेली तर किती मोठी होईल हे आधी सांगता येणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट आर्यभटाकडे होती. पण उलटही तितकेच खरे आहे. आर्यभटाच्या आणि भास्कराचार्यांच्या नियमात दिवा हा केवळ एक बिंदू आहे. त्याला ज्योत नाही, रुंदी नाही, तो थरथरत नाही. सावलीची कड अंधूक का होते, हा प्रश्न त्या उदाहरणात येतच नाही. बाहुलीकाराला मात्र तो रोज रात्री सोडवावा लागे.

म्हणजे एकाकडे नियम होता, दुसऱ्याकडे निरीक्षण. दोघांनी एकत्र बसून एक संध्याकाळ घालवली असती तरी पुष्कळ काही झाले असते. ते बसणे शक्य नव्हते, याचे कारण प्रकाशशास्त्रात नाही, समाजात आहे. गणिताचा दिवा मठात होता, तिथे प्रवेश जन्माने ठरे. बाहुल्यांचा दिवा देवळाच्या आवारात होता. तिथे कला दाखवायला मोकळीक होती, पण ती कला दाखवणाऱ्याला विद्वान म्हणून मान नव्हता. अनेक बाहुलीकार जमाती गावोगाव फिरून, मागून मिळेल त्यावर जगल्या. त्यांच्या हातातले ज्ञान हे ज्ञान आहे, असे कोणाला वाटलेच नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण माणसांना उद्देशून वापरतो. या बाबतीत ती शब्दशः लागू पडते.

आज वेगळ्या प्रकारे तेच होत आहे. शाळेत छायाबाहुली येते ती ‘कार्यानुभवा’च्या तासाला. मुले पुठ्ठा कापतात, रंगवतात, स्नेहसंमेलनात पाच मिनिटांचा खेळ होतो. सावलीचा धडा विज्ञानाच्या तासाला असतो आणि त्यात फळ्यावर आकृती असते. दोन तासांच्या मध्ये तीच जुनी भिंत उभी आहे.

एका खोलीत तिघे

ती भिंत पाडायला फार खर्च येत नाही. एक पांढरे धोतर किंवा चादर, एक पणती, पुठ्ठ्याची वीतभर बाहुली, सुताचा दोरा आणि मोजपट्टी. मी शाळांत ज्या क्रमाने जातो तो असा.

पहिल्यांदा बाहुली स्थिर ठेवायची. टेबलावर चिमट्यात अडकवायची, म्हणजे कोणाचा हात लागणार नाही. मग पणती सावकाश डावीकडे न्यायची. पडद्यावर रावण उजवीकडे चालू लागतो. मुलांना विचारायचे, कोण चालले? बाहुली तर जागची हललेली नाही. या क्षणी वर्गात जी शांतता होते ती मला व्याख्येच्या शंभर वेळा केलेल्या पाठांतरापेक्षा मोलाची वाटते. वस्तू स्थिर असताना तिची सावली चालत असेल, तर चालणे हा त्या सावलीचा स्वतःचा गुण असेल का? वात्स्यायनाने शब्दांत मांडलेली शंका इथे डोळ्यांना दिसते. गंमत अशी, की बाहुलीकार हा प्रयोग दर रात्री करतच असतो. तेलाच्या दिव्याची ज्योत वाऱ्याने थरथरते आणि काठीवर स्थिर धरलेला रावण श्वास घेतोय असे वाटते. प्रेक्षकांना जी जादू वाटते तीच नैयायिकाची युक्ती आहे.

दुसऱ्यांदा आणखी एक पणती लावायची. एका बाहुलीच्या दोन सावल्या. सावली जर बाहुलीतून बाहेर पडत असती तर दिवा वाढवल्याने ती दुप्पट का झाली? मग एक दिवा हाताने झाकायचा आणि कोणती सावली गेली ते पाहायचे. चौथीतल्या एका मुलीने इथे मला सांगितले, की ही या दिव्याची सावली आहे, बाहुलीची नाही. तिचे वाक्य अर्धेच बरोबर होते, पण ‘सावली वस्तूतून निघते’ ही पायरी तिने त्या वाक्यात ओलांडली होती.

तिसऱ्यांदा दोरा. १६०४ साली योहानेस केप्लरने लहान छिद्रातून पडणाऱ्या प्रकाशाचे कोडे सोडवताना प्रकाशाच्या किरणाऐवजी दोरा वापरला होता. प्रकाश देणाऱ्या वस्तूच्या जागी त्याने एक पुस्तक ठेवले, त्याच्या कोपऱ्याला दोरा बांधून तो छिद्राच्या कडेकडेने फिरवला आणि जमिनीवर खुणा केल्या. वर्गात हेच करायचे. जळत्या ज्योतीजवळ दोरा नेता येत नाही, म्हणून सावलीची कड पेन्सिलीने आखून दिवा विझवायचा आणि ज्योतीच्या जागी एक खिळा धरायचा. दोरा खिळ्यापासून बाहुलीच्या मुकुटाच्या टोकाला स्पर्श करत पडद्यापर्यंत ताणला, की तो आखलेल्या कडेवर जाऊन टेकतो. हीच ‘लीलावती’तली तिरकी रेघ. आता ती फळ्यावर नाही, बोटांखाली आहे.

चौथ्यांदा मोजमाप. दिव्यापासून पडदा शंभर सेंटिमीटरवर, बाहुली वीस सेंटिमीटर उंच. बाहुली दिव्यापासून नव्वदवर असेल तर सावली सुमारे बावीस सेंटिमीटर. पन्नासवर असेल तर चाळीस. पंचवीसवर असेल तर ऐंशी. मुलांनी आधी गणित करायचे, पडद्यावर खूण करायची आणि मग दिवा लावायचा. सावलीचे डोके बरोबर खुणेवर टेकले की वर्गात जो गलका होतो, तो पिंगुळीच्या कलावंताने ऐकावा आणि भास्कराचार्यांनीही!

पण याच वेळी एखादे चौकस मूल तक्रार करते, की मोठी सावली अंधूक दिसते, कड नीट सापडत नाही. इथे पोथीतल्या बिंदूएवढ्या दिव्याची मर्यादा उघड होते आणि बाहुलीकाराचा दिवा पुढे येतो. ज्योत एक सेंटिमीटर रुंद धरली तर दोन दोरे लावायचे, एक ज्योतीच्या डाव्या कडेपासून, एक उजव्या कडेपासून. ते पडद्यावर दोन वेगळ्या जागी टेकतात. दोन्ही खुणांच्या मधला पट्टा म्हणजे उपच्छाया. तिथे ज्योतीचा काही भाग दिसतो, काही झाकला जातो. बाहुली पडद्यापासून दहा सेंटिमीटरवर असेल तर हा पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा. मध्यावर असेल तर एक सेंटिमीटर. दिव्यापासून पंचवीसवर नेली तर तीन सेंटिमीटर. केरळात बाहुली पडद्याला का चिकटवतात ते आता मुले स्वतः सांगतात.

शेवटी वर्गातला ट्यूबलाइट लावायचा आणि त्याच्या उजेडात बाकावर पेन्सिल आडवी धरायची. ट्यूबच्या दिशेने धरली तर सावली बरीच स्पष्ट, ट्यूबला काटकोनात फिरवली तर जवळजवळ नाहीशी. चार फूट लांबीचा दिवा लांबीच्या दिशेने सावली पुसून टाकतो. म्हणूनच आजच्या उजळलेल्या घरांत ठळक सावल्या दिसत नाहीत, आणि मुलांना सावलीचा अनुभव पुस्तकातूनच घ्यावा लागतो. मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाशस्रोत मात्र चिमुकला, म्हणून त्याची सावली कडक. घरी करण्यासाठी हा गृहपाठ पुरेसा आहे.

मोठ्या वर्गांसाठी आणखी एक प्रयोग राखून ठेवतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्याने दिली, त्यांत १८६०-६१ची फार गाजली. त्यात त्याने प्रखर प्रकाशात मेणबत्तीच्या ज्योतीचीच सावली पाडून दाखवली. ज्योतीचा जो भाग सर्वांत तेजस्वी, तोच सावलीत सर्वांत काळा, कारण तिथले काजळीचे कण तापून उजळतात आणि तेच कण मागून येणारा प्रकाश अडवतात. दुपारच्या कडक उन्हात पांढऱ्या भिंतीजवळ हे करता येते. ज्योत म्हणजे नुसता प्रकाश नव्हे, हे मुलांना त्यातून कळते.

पडदा आकाशाएवढा

७ सप्टेंबर २०२५च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसण्याजोगे होते. पृथ्वीची सावली चंद्रावर सरकते तेव्हा तिची कड वाटोळी असते आणि अंधूकही असते. वाटोळी, कारण पृथ्वी गोल. अंधूक, कारण सूर्य हा बिंदू नव्हे, रुंद दिवा आहे. पृथ्वीच्या वातावरणामुळे त्या कडेत थोडी भर पडते, पण मुख्य कारण तेच, जे मुलांनी दोन दोऱ्यांनी मोजलेले असते. ज्या मुलाने वर्गात पणतीच्या सावलीची उपच्छाया मिलिमीटरमध्ये मोजली आहे, त्याला आकाशातली उपच्छाया समजावून सांगावी लागत नाही. राहूची गोष्ट त्याला गोष्ट म्हणून ऐकता येते, तिची भीती घालता येत नाही.

पिंगुळीत आणि इतरत्र आता मोजकीच घराणी हा खेळ करतात. त्यांना पुरस्कार मिळावेत, मानधन मिळावे, हे योग्यच. पण मला त्याहून वेगळी मागणी करायची आहे. बाहुलीकाराला शाळेत बोलवावे ते स्नेहसंमेलनात नव्हे, विज्ञानाच्या तासाला, आणि त्या दिवशीचा शिक्षक म्हणून. त्याने बाहुली कुठे धरायची ते दाखवावे, गुरुजींनी दोरा धरावा, मुलांनी मोजपट्टी लावावी. ‘लीलावती’तला तो साडेतीन हातांचा दिवा पडद्यामागच्या दिव्याशेजारी ठेवण्यासाठी चाळीस मिनिटांचा एक तास आणि दारे-खिडक्या लावलेली एक खोली पुरते. एवढे आपल्या जवळजवळ प्रत्येक शाळेत आहे.